‘ईव्हन इफ’ शिकणाऱ्या मैनाबाई

आईच्या कपाळाला चार टाके पडले, त्या दिवशी मी पुण्यात होते. दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनवर उतरले आणि ऑटो करून थेट हुडको कॉलनीतल्या घरी आले, ती भांडायच्या तयारीनंच.

भांडायचं होतं मैनाबाईंशी. दोन वर्षांपासून त्या दिवसभर आईजवळ असायच्या. वय पन्नाशीला टेकलेलं, माहेर गोंदियाकडचं, शाळा आठवीपर्यंत. नवरा केवलराम पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता. त्याची पाठ गेली, तो घरी बसला आणि मैनाबाई लोकांच्या आजारी माणसांना सांभाळायला निघाल्या. रोज कोहक्याहून सायकलनं यायच्या. अंघोळ, जेवण, औषधं, बीपी मोजणं, सगळं चोख. म्हणूनच मला जास्त राग आला होता.

“मैनाबाई, मी स्पष्ट लिहिलं होतं, पांढरी गोळी रोज द्यायची. तीन दिवस तुम्ही दिलीच नाही! चक्कर येऊन पडली ना आई.”

त्यांनी फोन आणून माझ्यापुढे धरला. मेसेज माझाच होता. डॉक्टरांनी बीपीचं औषध बदललं तेव्हा त्यांची सूचना मी ऑफिसातून घाईत जशीच्या तशी पाठवली होती. गिव्ह द व्हाइट टॅब्लेट डेली, ईव्हन इफ द बीपी इज नॉर्मल.

“हे वाचा ताई. डेली म्हंजे रोज. इफ म्हंजे जर. बरोबर?”

“बरोबर.”

“आन् ईव्हन म्हंजे मले वाटलं संध्याकाळ. ईव्हनिंगचं अर्धंच लिहिलं तुमी. मंग काय झालं? रोज संध्याकाळी, जर बीपी नॉर्मल असन तर गोळी द्या. आईचा बीपी तीनही दिवस वर होता. नॉर्मल नोयता. म्हून मी नाही देल्ली.”

मी मेसेज पुन्हा वाचला. बीपी नॉर्मल असला तरी गोळी रोज द्यायची, एवढंच त्यात होतं. बाकीचे शब्द त्यांनी नीट ओळखले होते. एक अंदाजानं धरला होता आणि त्या एकानं सगळं वाक्य उलटं केलं होतं. बीपी वर असताना गोळी द्यायची नाही, असा अर्थ लावून बिचाऱ्या तीन दिवस मनापासून माझं ऐकत होत्या.

आई पलंगावरून म्हणाली, “शिल्पा, मराठीत लिहायला हात दुखत होते का तुझे?”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “यापुढे मराठीतच लिहीन.”

मला वाटलं, विषय संपला. मैनाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“तुमी लिहान मराठीत. पण दवाखान्याच्या कागदावर कोण लिहीन? उद्या दुसऱ्या घरी गेली तर तिथं कोण लिहीन? माह्या हातून आई पडली, ताई. मले हे इंग्रजी शिकवा. पूरं नाही. हे ‘इफ’च्या समोर जे येऊन बसते ना, तेवढंच.”

मी आठ दिवसांची रजा काढली होती. दुपारी आई झोपली की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. पहिल्या दिवशी मी शाळेतल्यासारखी सुरुवात केली. क्रियाविशेषण, गौण वाक्य वगैरे. मैनाबाईंनी मला मध्येच थांबवलं.

“नावं नका सांगू. आईवर सांगा.”

मग आईवरच सांगितलं. ईव्हन इफ शी इज स्लीपिंग, झोपलेली असली तरी. ओन्ली इफ शी इज अवेक, जागी असेल तरच. जस्ट आफ्टर शी ईट्स, जेवल्या जेवल्या. लाँग बिफोर शी ईट्स, जेवायच्या कितीतरी आधी. एस्पेशली व्हेन शी इज टायर्ड, खास करून दमलेली असताना. त्या एकेक वाक्य वहीत देवनागरीत लिहायच्या, खाली मराठी लिहायच्या, मग मराठी झाकून मला म्हणून दाखवायच्या. चुकलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून. मी “असू द्या” म्हटलेलं त्यांना चालायचं नाही.

तिसऱ्या दिवशी वहीवरून डोकं वर काढून म्हणाल्या, “हे पाहा. आपल्यात ‘तर’ले ‘च’ मांगून चिकटते. तरच. ‘झाल्यावर’चं ‘झाल्यावरच’. त्याईच्यात समोर येऊन उभं राहते. ओन्ली इफ. ओन्ली आफ्टर. मी आपली ‘इफ’पासून वाचून राहिली होती, आन् खरी गोष्ट त्याच्या आंधीच होऊन गेली होती.”

इतकी वर्षं मी इंग्रजीत पत्रं लिहून पगार घेते. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मी पुण्याला परतले तरी शिकवणी थांबली नाही. दर रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल. मिक्सरच्या माहितीपत्रकातलं, आईच्या तपासणीच्या कागदावरचं, कुठलंही वाक्य त्या उतरवून ठेवायच्या. “जस्ट बिकॉजमधला जस्ट आन् जस्ट आफ्टरमधला जस्ट एक नोय ना?” असं विचारायच्या. मी नाही म्हणाले की लगेच, “मंग आंधी कावून नाही सांगितलं?”

त्यांनी मला न सांगता एक गोष्ट केली होती. दुर्गला एक ब्यूरो होता, ऑपरेशन झालेल्या रुग्णांसाठी घरी माणसं पाठवणारा. तिथं इंग्रजी सूचनांचा लेखी पेपर असे. मैनाबाईंनी तो दिला आणि नापास झाल्या. रविवारी फोनवर तोंड लाल.

“दोन वाक्यं होती, ताई. गिव्ह हिम ओन्ली वॉटर इफ ही आस्क्स. आन् गिव्ह हिम वॉटर ओन्ली इफ ही आस्क्स. मी दोन्हीले एकच उत्तर लिहिलं. तुमी हे शिकवलंच नाही!”

खरंच नव्हतं शिकवलं. पहिल्यात रुग्णानं काही मागितलं तर फक्त पाणी द्यायचं. दुसऱ्यात मागितलं तरच पाणी द्यायचं. ओन्ली एक पाऊल सरकलं की हुकूम बदलतो. त्या दुपारी आम्ही दीड तास एकेका वाक्यात तो शब्द इकडून तिकडे सरकवत बसलो. शेवटी मी दमले, त्या नाही दमल्या.

तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा पेपर दिला आणि पास झाल्या. मला आनंद झाला. पण आता त्या जाणार होत्या. मी फोनवर गोड बोलून पाहिलं, आईला तुमची सवय झाली आहे, थोडं थांबा. फोन आईनं घेतला.

“तिला शिकवलंस ते आपल्याच घरात कोंडून ठेवायला का? जाऊ दे तिला.”

“आणि तुझं काय?”

“माझं मी आणि मैना पाहू.”

मैनाबाईंनीच कोहक्यातली रेणू नावाची तरुण बाई आणली. महिनाभर तिला सोबत घेऊन काम दाखवलं. आईच्या औषधांचा कागद समोर ठेवून तिला प्रत्येक ओळ बोलायला लावली. “वाचू नको, काय करशीन ते सांग,” असं म्हणायच्या. रेणू दोनदा रडली. तिसऱ्यांदा सगळं बरोबर सांगितलं, तेव्हा मैनाबाईंनी ब्यूरोला होकार कळवला.

दुर्गमध्ये त्यांना पहिलंच घर मिळालं ते एका निवृत्त रेल्वे गार्डचं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. सुनेनं इंग्रजीत लिहिलेला कागद दिला, ही शुड वॉक व्हेन समवन होल्ड्स हिम ओन्ली. मैनाबाईंनी तो वाचला आणि विचारलं, “कोणी धरलं तरच चालायचं, का कोणी धरलं की फक्त चालायचंच, बाकी व्यायाम नाही?”

सून म्हणाली, “मतलब तो एक ही है ना?”

“एक नोय, मॅडम. डॉक्टरले विचारून पुन्हा लिहून द्या. थोवर मी त्याईले उठवत नाही.”

सुनेला ते झोंबलं. पण तिनं फोन लावला. धरलं तरच चालवायचं, आणि व्यायाम रोज करायचाच, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं कागद नव्यानं लिहिला.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. गार्ड साहेब आता काठी घेऊन अंगणात फिरतात. ब्यूरोनं मैनाबाईंना शनिवारी नव्या बायकांना शिकवायला बोलावलं आहे. सुटीचा तेवढाच दिवस, तरी त्या जातात. त्या दिवशी स्वयंपाक केवलराम करतो.