माह्या धुऱ्यापाशचा मोड

त्या दिवशी मोडावर, पांदनीच्या वळनावर, आम्ही चार जनं होतो. मी, माही धाकटी जाऊ, तिची पोरगी आन बाजूच्या गोरेगावचा गाडी मिस्त्री. पाचवं कोनी नवतं. नावं सांगत नाही, सारे अजून गावातच वागतेत.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. त्या साली पोट्ट्यायनं मंडईले मोटारसायकलची शर्यत ठेवली. तलावाच्या पाळीवरून निघाचं, पांदनीच्या वाटेनं शेतायले चक्कर माराचा, परत पाळीवर याचं. एकेक गाडी सोडाची, मोबाईलवर वेळ धराचा. नाव देनाऱ्यात पोरगी एकच, माह्या जावेची. रोज दुधाचे कॅन घेऊन गोरेगावले जाते, गाडी तिच्या हातात बसलेली.

मिस्त्री तरनेपनी दूर शहरात रेसच्या गाड्या दुरुस्त करे, म्हनून आदल्या दिवशी रस्ता पाहाले त्याले बोलावलं. तो खांद्यावर फावडा घेऊन पुढं, आम्ही तिघी मागं. दर मोडावर उकिडवा बसे न डोळे बारीक करून पाहे. चिंचेपाशी म्हने, "हा मोड चांगला."

जाऊ हासली. "मोडात चांगलं-वाईट काय असते जी? मोड तं मोड."

"वाकडा असला तं चालते बाई. पन शिरताना त्याचं दुसरं टोक दिसलं पाहिजे. सुरुवातीले जेवढा वळला तेवढाच पुढं रायला पाहिजे, नाही तं खुलला पाहिजे. आन माती आतल्या अंगाले उतरती पाहिजे, मंग चाक धरून रायते."

मले हे कोनी सांगाची गरज नवती. नवरा गेला तवापासून धानाची भरली बंडी मीच हाकली. भारानं बंडी बाहेरच्या अंगाले लोटते, मले ठाऊक होतं.

मंग माह्या बांधीपाशी, धानाच्या वावरापाशी, आलो. तिचा धुरा, म्हनजे मातीचा बांध, मोडाच्या बाहेरच्या अंगाले आहे. मिस्त्री उभाच रायला.

"हा मोड दगा देते," म्हने. "तोंड रुंद आन अर्ध्यात गेलं का आवळते. मानूस तोंड पाहून वेग ठरवते, शेवटी त्याले जागाच भेटत नाही." त्यानं फावडा धुऱ्यावर टेकवला. "हा पहिलेपासून असाच आहे काय? सरकला असल तं दोन हात काटून देतो, मोड खुलते."

तिघंही माह्याकडं पाहून राहिले होते.

एकच बांधी रायली होती मले. दरसाल मिरगाच्या आधी धुरा बांधताना फावडा फावडा माती मी पांदनीत ढकलली होती. दोन हात जागेत सुपडंभर धान होते. तेवढ्याचाही आधार होता.

"असाच आहे," मी म्हनली. "माह्या सासऱ्याच्या हातचा धुरा आहे."

मिस्त्रीनं वाद नाही घातला. मोडाच्या तोंडाशी वाळल्या तनसाचे तीन भारे ठेवले, एक डाव्या अंगाले, एक उजव्या, परत एक डाव्या. नागमोडी जाता जाता गाडी आपोआप हळू होते. पोरीनं एक चक्कर मारून पायला. मागचं चाक बांधीत उतरलं, कोपऱ्यातला उभा धान लोळला.

मी ओरडली, "भारे तिकडं न्या जी! माहा धान जाते."

त्यानं ते दूर मागं आंब्यापाशी नेले. "तिथं काही कामाचे नाहीत," म्हने. "भाऱ्यातून निघाली का गाडी परत जोर धरते."

"तिले ब्रेक आहेत न."

पोरगी हासली. "राहू दे, मोठी माय. तुह्या धानाले आता धक्का नाही लावत."

दुसऱ्या दिवशी मी बांधीत उभी होती. पोरगी भाऱ्यातून निघाली, जोर धरला, मोडात शिरली. जागा सरली तवा गाडी सरळ धानात घातली असती तं वाचली असती. नाही घातली. आत ओढली आन पडली. घोट्याचं हाड मोडलं.

"पोरीच्या जातीले रेस कायले पाहिजे?" मानसं म्हनून राहिले होते. "दूध नेनं वेगळं, हे वेगळं." जाऊ मान खाली घालून उभी. पोरगी खाटेवर पडल्या पडल्या मलेच म्हने, "मोठी माय, माहाच ब्रेक चुकला." मी तिले भात कालवून देऊन राहिली होती. घास पुढं केला.

उन्हाळ्यात एकटीनं धुरा काटला, दोन हात मागं घेतला. ग्रामसभेत मले मानाचा नारळ देला, बाईनं रस्त्यासाठी सोताची जागा सोडली म्हनून. मी तो घेतला. टाळ्या वाजवाले माही जाऊ पन होती.

पोरगी आता जराशी लंगडते. गाडीले हात लावत नाही, दूध तिचा बाप सायकलनं नेते. मी सांगाले म्हनून तीनदा तिच्या दारात गेली, तीनदा विरजन मागून परत आली. चौथीपर्यंत शिकली होती, म्हनून हे लिहून राहिली.

तुमी इकडं कधी आले, आन लंगडत जानारी पोरगी दाखवून कोनी म्हनलं का हिनं ब्रेक चुकवला, तं त्याले सांगा. ब्रेक नवता चुकला. मोड तिच्या मोठ्या मायनं आवळला होता.