तीन नंबरचा नारळ

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. आमचा म्हणजे मालकीचा भाऊंचा, आम्ही फक्त आमचा म्हणतो. तिथे बाटल्यांची झाकणं बनतात. मशीनमध्ये वरून प्लॅस्टिकचा दाणा ओतायचा, तो आत वितळून साच्यात जातो आणि खाली झाकणं पडतात. तुमच्या घरच्या तेलाच्या बाटलीचं झाकण पहिल्या झटक्यात उघडलं तर ते कुंदाच्या मशीनवरचं समजा. नाही उघडलं तर दुसऱ्या कारखान्याचं.

ही त्या कुंदाची गोष्ट. ती स्वतः काही सांगायची नाही. तिला स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला लावण्यापेक्षा मशीन उघडून साफ करणं सोपं. मला मात्र तोंड आवरत नाही, हे अख्ख्या गाळ्याला ठाऊक आहे. मी सुलक्षणा, तेव्हा पॅकिंगच्या टेबलावर होते.

कुंदा कणकवलीकडची, कुंभारवाडीतली. आपण नाव सांगितलं की कोकणी माणूस गाव विचारतो, आणि गावावर न थांबता वाडीही विचारतो. वाडी कळली की जात कळली, मग ज्याचा त्याचा आवाज हवा तसा वरखाली होतो. कुंदाचा आजा चाकावर मडकी करायचा. आजी माती आणायची, चाळायची, पायांनी तुडवायची, मडकी उन्हात मांडायची. चाकाला मात्र तिने जन्मात हात लावला नाही. बाईने चाक फिरवायचं नसतं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पुढे वडील मुंबईला गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, कुंदा लग्न होऊन चारकोपला आली आणि तिथून आमच्या गाळ्यात हेल्पर म्हणून लागली.

हेल्पर हा मोठा सोयीचा शब्द आहे. पुरुष हेल्पर म्हणून लागला की दोन-तीन वर्षांत ऑपरेटर होतो. बाई हेल्पर म्हणून लागली की हेल्पर म्हणूनच म्हातारी होते. तीन नंबरच्या मशीनचा ऑपरेटर काम सोडून गेला तेव्हा नंदूभाऊंनी कुंदाला त्या मशीनवर बसवलं, शिकवलं. नंदूभाऊ म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, एक नंबरवरचे. "तात्पुरतं बसू दे," असं ऑफिसातून सांगण्यात आलं. ते तात्पुरतं एवढं लांबलं की कुंदाची मुलगी निधी शाळेतून कॉलेजात गेली. काम ऑपरेटरचं, पगार हेल्परचा, आणि बोलणंही हेल्परशी बोलावं तसं. ऑफिसातून कुणी आलं की, "नंदूभाऊ, चहा घेतलात का?" आणि लगेच मान वळवून, "ए, कप उचल गं." एकाच फरशीवर, एकाच घामात.

त्या वर्षी नवरात्र सुरू होताना भाऊंचा मुलगा मुकुलसर खाली आले. चांगले आहेत, शिकलेले आहेत, हसून बोलतात. हसूनच म्हणाले, "कुंदा, दिवाळीनंतर तीन नंबरवर आयटीआय झालेला मुलगा येतोय. तू पॅकिंगला परत जा. बसून काम, तुलाही बरं."

कुंदा "बरं सर" म्हणाली. नंदूभाऊ मागून म्हणाले, "सर, तिलाच ऑपरेटर करा ना. मशीनवर तिचा हात बसलाय."

"बाईमाणूस आहे हो नंदूभाऊ. माल घेणारी पार्टी बघायला येते, त्यांना काय वाटेल?"

विषय संपला. त्या दिवशी डबा खाताना कुंदाने भाकरी मोडली आणि तशीच ठेवून दिली. मग म्हणाली, "आजी माती तुडवून मेली गं. मला वाटलं, मी तरी चाकावर बसले." मला इतका राग आला की माझाही घास उतरेना, आणि माझा घास अडणं ही साधी गोष्ट नाही.

आता आमच्याकडची खंडेनवमी सांगायला हवी. त्या दिवशी मशीनं धुऊनपुसून घ्यायची, झेंडूचे हार घालायचे, बायकांनी पुढे रांगोळ्या काढायच्या. मग प्रत्येक ऑपरेटरने आपापल्या मशीनपुढे नारळ फोडायचा. भाऊंचा दंडक होता, ज्याचा नारळ त्याचं मशीन, आणि वर्षभर त्यावर दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. फार मागे एका वर्षी भलत्यानेच नारळ फोडला आणि पुढच्याच महिन्यात ऑपरेटरचं बोट मशीनमध्ये सापडलं, तेव्हापासून भाऊ या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. फक्त तीन नंबरचा नारळ दर वर्षी नंदूभाऊ फोडायचे, कारण नावाला ते मशीनही त्यांच्याकडे होतं. कुंदा बाजूला हात जोडून उभी राहायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला धरून.

खंडेनवमीच्या सकाळी नंदूभाऊ आले ते शटरबाहेरच स्टूल टाकून बसले.

"आत या ना," भाऊ म्हणाले.

"नाय भाऊ. सुतक असा. गावाक धाकूकाका गेले." आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

सुतकातला माणूस पूजा कशी करणार? भाऊ हळहळले. एक नंबरवर वर्षभर नंदूभाऊच बसणार होते, म्हणून तिथला नारळ त्यांच्या नावाने भाऊंनी स्वतः फोडला, दोन नंबरचा तिथल्या ऑपरेटरने. मग सगळे तीन नंबरपुढे येऊन थांबले.

"मी फोडतो," मुकुलसर म्हणाले.

"वर्षभर तू बसणार आहेस का यावर?" भाऊंनी विचारलं.

"मग नवीन मुलाच्या नावाने..."

"तो आलाय कुठे अजून?"

तेवढ्यात कुंदाचा आवाज आला, आणि तो तिचाच आहे हे कळायला मला क्षणभर लागलं.

"भाऊ, मशीन मी चालवते. नारळ मी फोडते."

आमच्या पॅकिंगच्या मालनमावशींनी पदर तोंडाला लावला. "अगं, बाईने नारळ फोडू नये. पाप लागतं."

"मावशी, रोज कालवणाला कोण फोडतं?" मी म्हटलं. "तेव्हा पाप काय टोपलीखाली झाकून ठेवता?" बायका फिसकन हसल्या. मुकुलसरसुद्धा हसले.

भाऊ हसले नाहीत. पार्ल्यातला सोवळ्याओवळ्याच्या घरातला माणूस. सुतक पाळणारा, मुहूर्त पाळणारा, आणि दिलेला शब्दही पाळणारा. ते कुंदाला म्हणाले, "नारळ फोडलास तर मशीन तुझं होईल. मग मला शब्द फिरवता येणार नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय," कुंदा म्हणाली. "म्हणूनच फोडते."

पुरुष नारळ जमिनीवर आपटतात. पाणी चौफेर उडतं, करवंट्या मशीनखाली जातात आणि मग आम्ही बायका वाकून गोळा करतो. कुंदाने नारळ तळहातावर घेतला, दगडाने गोल फिरवत ठोकला, घरी ठोकतो तसाच. चीर पडली तसा खाली तांब्या धरला. नारळाचे दोन सरळ अर्धे झाले आणि पाणी तांब्यात. ते पाणी तिने मशीनपुढे शिंपडलं आणि कपाळ टेकवलं.

भाऊंनी तिच्या हातून खोबऱ्याचा तुकडा घेतला. "तीन नंबर कुंदाताईंचं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "सांभाळा." 'सांभाळ' नाही, 'सांभाळा'. मला रडू आलं. मी सांगते ना, मी भर गाळ्यात रडले.

शटरबाहेर नंदूभाऊ तसेच बसले होते. आम्ही प्रसाद न्यायला लागलो तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. दिवाळीनंतर कुंदाला ऑपरेटरचा पगार सुरू झाला, आणि आयटीआयचा मुलगा नवीन घेतलेल्या चार नंबरवर बसला. त्याला शिकवलं कुणी? कुंदाने.

शिमगा होऊन गेल्यावर एका दुपारी, डबे उघडलेले असताना, दारात एक म्हातारा उभा. हातात काठी, काखेत पिशवी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

"हयसर नंदू असता मां? मियां तेचो काको. डोळ्याचा आपरेशन केलंय, म्हटलां भेटान जाऊया."

"कोणते काका?" कुंदाने विचारलं.

"धाकूकाको. दुसरो खंयचो?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "अहो काका, तुम्ही तर नवरात्रात गेलात!"

"मियां? खंय गेलंय?"

नंदूभाऊ हात धुऊन आले, काकांना बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात विसरणार नाही. घरी घट बसलेला, बायको नऊ दिवस उपास करतेय, आणि हा माणूस इथे सुतक धरून शटरबाहेर! ज्याने इतकी वर्षं एकाही खंडेनवमीला नारळ चुकवला नाही, त्याने जिवंत काकाला मारून आपल्या मशीनचा नारळ दुसऱ्याच्या हाती दिला होता. देवाधर्माला भिणारा माणूस. त्याला ते किती जड गेलं असेल, ते गावाकडच्या माणसालाच कळेल.

कुंदा नंदूभाऊंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले.

"मी काय केलं? मी फक्त बाजूला झालो. बोललीस तू."

मी तोंडाची फटकळ आहे, पुरुषांचं कौतुक माझ्याकडून सहसा होत नाही. पण तेवढं बाजूला होणंही किती जणांना जमतं? त्या दिवशी मी मनातल्या मनात दोघांनाही हात जोडले. काकांना सगळं सांगितल्यावर ते पट्टीखालून पाणी येईपर्यंत हसले. खोट्या मरणाने आयुष्य वाढतं म्हणतात. "मगे वर्साक एकदा मारीत जा रे माका," ते म्हणाले.

त्यानंतर कुंदाने मला शिकवायला घेतलं. शिफ्ट संपल्यावर थांबून, ओरडून, कधी हातावर चापट मारून. आज मला जे काही येतं ते तिच्यामुळे येतं, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. ती लाजून दाणा ओतायला पळते.

यंदा दिवाळीला नंदूभाऊ निवृत्त होणार. एक नंबरवर कोण बसणार, याची ऑफिसात कुजबुज चालू होती. माझं नाव कुणी घेत नव्हतं. मीही घेत नव्हते, माझ्यासारखीचीसुद्धा जीभ अशा वेळी टाळूला चिकटते.

खंडेनवमीच्या सकाळी मी रांगोळी काढत होते. वर बघते तर नंदूभाऊ शटरबाहेर स्टूल टाकून बसलेले, टोपी गुडघ्यावर.

"काय झालं नंदूभाऊ?" भाऊंनी विचारलं.

"सुतक."

"कोण गेलं?"

"धाकूकाकाच," ते म्हणाले. "परत."

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुंदा ताटातला नारळ उचलून माझ्यापुढे आली. माझ्या हाताला रांगोळी लागलेली होती. ती मी साडीला पुसली आणि नारळ घेतला.

धाकूकाका गावाला ठणठणीत आहेत.