मामांच्या मागचा आवाज

आमचे मामा मागे वळून बघत नसत. एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर म्हणून सारी हयात गेली, आणि मागचं सगळं कानानंच ओळखायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. मागून कोणी हाक मारली तरी मान जागची हलायची नाही, नुसतं "बोल" म्हणायचे. एकदा केजच्या भर बाजारात मी चिडलो, म्हटलं, माणसानं हाक मारली तर तोंड तरी दाखवावं. "आरं, ड्रायव्हरनं मान वळवली की गाडी बी वळती," म्हणाले आणि चालू लागले. मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांना मान वळवताना मी एकदाच पाहिलं, आणि ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

माझं केजला टीव्ही-स्पीकरचं दुकान आहे. होम थिएटर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी खुर्चीत बसवतो, चहूबाजूंनी आवाज सोडतो, मग तो सहसा रिकाम्या हातानं जात नाही. निम्म्या गावाला असं पटवलं, सख्खा मामा मात्र ऐकेना. त्यांच्याकडे टीव्हीच्या दोन अंगांना दोन स्पीकर, तेही मीच दिलेले. त्यावरच दर रविवारी दुपारी जेवणं झाली की सिनेमा. "मामा, मागं दोन लावू द्या. पाऊस आपल्या पाठीवर पडतोय असं वाटतं," मी म्हणायचो. "सिनेमा पुढं हाय, तर आवाज मागून कावून?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भाचा दुकानदार आणि मामाच्या घरी दोनच डबे, हे कोणाला सांगायची मला लाज वाटायची.

मामांच्या मागे मामी असायच्या. खुर्चीला लागूनच स्वयंपाकघराचा उंबरा, तिथं मांडीवर मेथीची जुडी घेऊन त्या सिनेमा बघत, आणि तोंड अखंड चालू. "ह्यो मरतोय बगा आता." "आगं बाई, त्याच्या नादी लागू नगं, लबाड हाय त्यो." मामा, अर्थात न वळता, "गप बस की" म्हणत. मामी कुठल्या गप बसतात. मध्येच मामांचा हात खांद्यावरून मागे जायचा आणि त्यात चहाचा कप यायचा. दोघांनी एकमेकांकडे बघितलेलं मला आठवत नाही, पण कप कधी सांडला नाही.

एकदा मी हट्टालाच पेटलो, तेव्हा मामांनी खरं कारण सांगितलं. "मागून सिनेमा बी बोलाय लागला आन् ही बी. मला कसं कळायचं कोन काय म्हणतंय? मागची बाजू तिची हाय."

"मी काय कंडक्टर हाय व्हय?" मामी उंबऱ्यातून म्हणाल्या.

"त्याच्यापरीस लई बोलतीस."

मग मामी गेल्या. ताप काय आला, अंबाजोगाईला काय नेलं, चार दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मामांनी टीव्हीवर कापड टाकलं ते काढलंच नाही. आणि एक दिवस स्वतःच दुकानात येऊन उभे राहिले. "मागचे डबे लाव रं आता," म्हणाले. "मागं लई सामसूम झालीय."

इतकी वर्षं मागे लागलो होतो, आता हो म्हणाले तर आनंद कसला व्हायचा. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना स्पीकर बसवले, भिंतीकडेनं वायर फिरवली आणि रविवारी दुपारी सिनेमा लावला.

पाऊस पडून गेला, गाड्या धावून गेल्या, मामांची मान हलली नाही. मग सिनेमातल्या कुठल्याशा घरात, आमच्या पाठीमागून, बांगड्या वाजल्या आणि भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मामांचा हात खांद्यावरून मागे गेला. तसाच राहिला. मग त्यांनी मान वळवली आणि रिकाम्या उंबऱ्याकडे बघत बसले. पुढे सिनेमा चालूच होता.

"काढ," मामा म्हणाले. "खोटं हाय, पर लई खऱ्यावानी हाय."

मी तिथल्या तिथं काढले. माझ्या धंद्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

पुढच्या रविवारी गेलो तर खुर्ची मोकळी. मामा मामींच्या उंबऱ्यात, स्वयंपाकघराचं दार लावून त्याला पाठ टेकून बसलेले. पुढे तेच जुने दोन स्पीकर.

"मामा, हितं कावून बसलात?"

"हितनं मागं काईच ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "तू बस खुर्चीत. मोकळी बरी दिसत न्हाई."

बसलो. मामा असेपर्यंत मग दर रविवारी असंच बसत गेलो, पण तो पहिला रविवार मनातून जात नाही. सिनेमा रंगात आला होता, मीही जरा विसरलो होतो. तेवढ्यात माझ्या मागून मामांचा आवाज आला, "ह्यो मरतोय बघ आता."

त्या खुर्चीतल्या माणसानं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. मामा त्याचीच वाट बघत होते, हेही कळत होतं. मी म्हटलं, "गप बसा की."

मागून मामांचा हुंदका आला, दाबून धरलेला. मी मान वळवली नाही.