भांडण कुठं करायचं ते आधी ठरवा

आमच्या मामाइतका भांडणाची आगाऊ सोय करून ठेवणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे अमरावतीच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मी दलालीत पडलो, मामा करारनामे लिहू लागला. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, घेणारी कंपनी मुंबईची आणि माल जायचा विलायतेला. मग तंटा झालाच तर तो कोणत्या कचेरीत आणि कोणाच्या कायद्यानं, हे ठरल्याशिवाय मामा दौतीत बोरू बुडवत नसे. कंपनीच्या अकोल्याच्या एका गुमास्त्यानं 'मुंबईच्या कोर्टात' असं घालायला सांगितलं, तर मामा भडकलाच. "बोटीवर कापूस भिजला त म्या काय समुद्रात जाऊन भांडू? अमरावती लिवा, नाई त उठा!" गुमास्ता बिचारा उठला, जोडे घालून दारापर्यंत गेला आणि मुकाट परत येऊन बसला.

हे वेड धंद्यापुरतं असतं तर ठीक होतं हो! माझ्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी या गृहस्थानं माझ्या सासऱ्यांना अडवलं. मुलगी वर्धा नदीपलीकडची, नागपूरच्या अमलातली. "नवराबायकोचं वाजलं त पंच कोन्या काठचे?" मुहूर्त टळायला आला, भटजी घामाघूम. शेवटी सासऱ्यांनी 'तुमच्याच काठचे' म्हणून हात जोडले. बायको मला ते अजून ऐकवते.

मामी पटकीनं गेली आणि मामा गप्प झाला. मागे राहिली चिमुरडी बनी. पुढच्याच वैशाखात तिला ताप भरला, तो काही केल्या उतरेना. वैद्यानं हात टेकले.

भर दुपार होती. मी आणि मामा खाटेपाशी बसलो होतो, आणि अंगणातून हाक आली, "बने, ये वं." आवाज मामीचा! खोटं सांगत नाही, मी उठून दाराबाहेर डोकावलो. अंगणात चिटपाखरू नव्हतं; नुसतं ऊन पडलं होतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देत नाहीत. ओ दिली की तुम्हीही गेलात. बनीचे ओठ हलले. मामानं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला आणि, काय म्हणावं या माणसाला, स्वतःच ओ दिली!

मग उंबऱ्याशी जाऊन बसला आणि समोर गुमास्ता असल्यासारखा बोलू लागला. "कोन्या हद्दीतून बोलून राहिली तू? तिकडचा कायदा इकडं लागत नाई. पोरगी इथं जन्मली, इथं राह्यते. तिचा निवाडा इथंच व्हईन."

मग अगदी जवळून, चौकटीमागून आवाज आला, "मले एकटीले करमत नाई जी."

मामाची मान खाली गेली. मुंबईच्या कंपनीपुढे तसूभर न हटलेला माणूस तो. "बरं," तो म्हणाला. "पोरीवर इथला कायदा, माह्यावर तुहा. पन पोरीले सोड."

संध्याकाळी बनीला घाम सुटला आणि ताप उतरला. मी वैद्याच्या काढ्याला श्रेय दिलं. मामा तिला पेज भरवत राहिला. त्यानंतर त्यानं नवा करार घेतला नाही. बनीला माझ्या बायकोच्या ओटीत घातलं. कपाशीला बोंडं धरली तेव्हा तोही अंथरुणाला खिळला. मी सरकारी डॉक्टर आणायला छकडा जुंपायला निघालो, तर माझा हात धरून म्हणाला, "काहून बाप्पा? म्या कबूल केलं हाये." चेहऱ्यावर भीती कसली ती नव्हती, उलट सासुरवाडीला निघालेल्या नव्या जावयाची असते तशी लगबग होती.

बनी आता स्वतः लेकुरवाळी आहे. बाप कशानं गेला म्हणून विचारते, मी तापानं म्हणून सांगतो. त्या दुपारी साक्षीला मी एकटाच होतो. 'मामा, नको' म्हणता आलं असतं मला; पण मग बनीचं काय झालं असतं? तिच्या पोरांचा दंगा ऐकला की माझा मीच गप्प होतो. मामाची मात्र फार आठवण येते हो. दुपारी सगळे निजले की मी कान देऊन बसतो. मामा-मामी तिकडे भांडत असतील, तर नुसतं ऐकू यावं, एवढंच.