सुकरू कामचोर नव्हता

दोस्तहो, घरी आलो, ताट बाजूले ठेवलं अन् लिहाले बसलो. तुम्हाले सांगतोच.

मुलांच्या फिटनेसवरच्या एका रिसर्चमध्ये मी मदत करतो. आज चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळच्या शाळेत मुलांची पळण्याची चाचणी होती. पहिलीतली रोशनी थोडी पळाली अन् गुडघा धरून खाली बसली. गुडघ्यावर बिब्ब्याचा चटका होता, त्यात पू झालेला.

"हा कोणं लावला?" आमच्यासोबतच्या डॉक्टर मॅडमनं विचारलं.

"म्या," तिले शाळेत घेऊन आलेली आजी म्हणाली. "हाडं दुखते म्हणे. माह्या भावाचेही दुखे. माय बिब्बाच लावे."

रक्त तपासलं तर सिकलसेल दिसला. मॅडम म्हणाल्या, "आजी, हा रक्ताचा आजार आहे, मायबापाकडून येतो. हाडं खरंच दुखतात. तुमच्या भावालेही बहुतेक हाच असन."

"म्हणजे माहा भाऊ सुकरू नाटक नव्हता करत?" आजीनं विचारलं.

मग तिनं सांगितलं ते असं. १९५०च्या दशकातली गोष्ट. धानाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, लहानगा सुकरू बांधावर बसून रडे. सारे त्याले कामचोर म्हणत. मायनं लावलेला बिब्ब्याचा चटका चिघळला, ताप चढला अन् लेकरू गेलं.

"आमच्या घरी अजूनही आळशी पोराले सुकरू म्हणते," आजी म्हणाली. "हिलेही सकाळी तेच म्हटलं, बापू."

मग रोशनीले कडेवर घेऊन ती दवाखान्याच्या गाडीत बसली. रोशनी खाली उतरू दे म्हणाली, तरी आजी उतरू देईना.

तुमच्या घरीही असं एखादं नाव टोमणा म्हणून उरलं आहे का? म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, त्या लेकराले काय दुखत होतं?