पाटीपुढे उभा राहिलो

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला तर नाहीच — आणि खरं म्हणजे आधी तिलाच सांगायला हवं होतं, ती माझी बायको आहे. मग तुम्हाला का सांगतोय? कारण परवा पुन्हा एक पाहुणा आमच्या हॉलमधल्या त्या फोटोपुढे उभा राहून म्हणाला, "वा, रणगाडा!" आणि माझं डोकं फिरलं.

चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यांवर चालतं ते प्रत्येक धूड म्हणजे रणगाडा नव्हे हो! किती वर्षं कानीकपाळी ओरडतोय मी. देवळालीत तोफांचे आवाज ऐकत वाढलो. महायुद्धातली रशियन चिलखती वाहनं हा माझा जन्माचा नाद. कुणी चुकीचं नाव घेतलं की मी चारचौघांत त्याची सालटी काढतो. नाशिकमध्ये मला त्याबद्दल मान आहे. काचेच्या कपाटातली छोटी मॉडेलं बघायला लोक घरी येतात. ती मॉडेलं — हेही सांगूनच टाकतो — सुनंदाने जोडलेली आहेत. माझे हात थरथरतात. मी सूचना वाचून दाखवायचो, ती चिमट्याने तांदळाएवढे भाग चिकटवायची. लोकांना मी "आम्ही केली" म्हणायचो. मग कधीतरी "मी केली" म्हणू लागलो.

तर, पोलंड. नाशिकच्याच मंडळींची टूर होती. एका संग्रहालयाच्या अंगणात सोव्हिएत वाहनं रांगेने उभी होती. मी पुढे, मंडळी मागे. लांबूनच एकाकडे बोट करून मी जाहीर केलं, "एसयू-१००! याला रणगाड्यासारखं फिरतं डोकं नसतं, तोफ थेट अंगातच बसवलेली." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "अहो, हे शंभर नाही वाटत. पंच्याऐंशी असेल. शंभरला उजव्या अंगाला पिंपासारखा फुगवटा असतो ना, कमांडरच्या जागेला? मीच चिकटवलाय की तो. इथे बघा, सपाट आहे."

किती आनंदाने बोलली होती ती!

आणि मी? "तुला काय कळतं त्यातलं? गोंद लावणं वेगळं, ओळखणं वेगळं." पिंपळगावचे द्राक्षवाले अण्णा हसत म्हणाले, "वहिनी, तुम्ही चिवड्याचं सांगा, तोफांचं भाऊंना सांगू द्या. त्यांचा लय अभ्यास हाय!" सगळे हसले. त्या अण्णांचा मला आजही संताप येतो — पण का यावा? त्यांना दार मीच उघडून दिलं होतं ना?

आता तुम्ही म्हणाल, चुकतो माणूस. एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं. पुढचं ऐका.

मी तरातरा पुढे गेलो. वाहनाशेजारी कमरेएवढ्या उंचीवर एक पाटी होती. पोलिश मला येत नाही, पण आकडा वाचायला भाषा कशाला लागते? पंच्याऐंशी. ठळक, स्वच्छ. सुनंदा मागून येतच होती — पाटीच बघायला. आणि मी वळलो, पाटीकडे पाठ करून उभा राहिलो, नि म्हणालो, "चला, इथेच फोटो काढू."

एक पाऊल. एक पाऊल बाजूला सरकलो असतो तर कोण मला फासावर देणार होतं? "बाई, तुझं बरोबर" एवढं म्हणायला जीभ झिजली असती? नाही सरकलो. फोटो निघाला, गाइडने घाई केली, मंडळी पुढच्या वाहनाकडे गेली. तिलाही मी सोबत घेऊन गेलो, चक्क दंड धरून.

घरी आल्यावर तिने मॉडेलं जोडणं सोडलं. "डोळे दुखतात," म्हणाली. डोळे! गव्हातला खडा ती आजही चष्म्याशिवाय टिपते. मी "बरं" म्हणालो. एक न फोडलेलं खोकं अजून कपाटावर पडून आहे.

फोटो मात्र मी मोठा करून लावला. इतका निर्लज्ज! त्यात मी छाती काढून उभा आहे. सुनंदा शेजारी, आणि तिचं बोट अजून वर, त्या सपाट पत्र्याकडे. परवाच्या पाहुण्याने विचारलं, "वहिनी काय दाखवताहेत?"

"काही नाही, सहज," मी म्हणालो. ती चहाचा ट्रे ठेवून आत गेली.

ती बरोबर दाखवत होती. पाटी मी वाचली होती. वाचूनच तिथे उभा राहिलो होतो.