रविवार नसताना निघालेली गाडी

फेब्रुवारीत आयर्लंडच्या वायव्य टोकाला कोणी फिरायला जात नाही. मीही फिरायला गेलो नव्हतो. माझा धाकटा भाऊ अभय मेयो परगण्याच्या उत्तरेला, एरिस नावाच्या सपाट दलदलीच्या मुलखात पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचा. दिवाळीला तो सांगलीला घरी गेला, तिथे ताप आला आणि आठवडाभरात गेला. सगळं तिकडेच झालं. इकडे राहिलं ते त्याच्या भाड्याच्या खोलीतलं सामान आणि एक जुनी चंदेरी गाडी. मी डब्लिनला, चेरीवूडच्या एका ऑफिसात काम करतो. आठवड्याची रजा काढायची, सामान आवरायचं, गाडी चालवत डब्लिनला आणायची आणि विकायची असं ठरवलं. गाडीच्या विम्यात माझं नाव आधीच घालून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. अभय तिला तिकडचे व्हिडिओ पाठवायचा. त्यात नुसती तपकिरी जमीन, आभाळ आणि वाऱ्याचा आवाज. माणूस एकही नाही.

"सामान आण नाहीतर टाकून दे," आई म्हणाली. "तेवढं बघून ये, त्या उजाडात त्याला कोण होतं. आणि खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही रचू नको."

जाणाऱ्यांसाठी: डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची गाडी धरायची आणि मनला जंक्शनला बॅलिनासाठी बदलायची. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर बरंच स्वस्त पडतं. मनला जंक्शन हे स्टेशन अजब आहे. तिथून बाहेर पडायला प्रवाशांना रस्ताच नाही, फक्त गाडी बदलायची. मी उतरलो तेव्हा गारा पडत होत्या. त्या थांबल्या आणि लगेच इतकं लख्ख ऊन पडलं की फलाटावरून वाफ निघायला लागली. दुसरी गाडी यायच्या आत पुन्हा पाऊस आला. इथे एक फेब्रुवारीला वसंत सुरू झाला असं मानतात. हवेला ते कोणी कळवलेलं नसतं.

बॅलिनाहून एरिसकडे बस आहे, पण दिवसाला मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक बघूनच निघा. क्रॉसमोलिना मागे पडलं की झाडं संपतात. दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर दलदलीचं माळरान, कापलेल्या पीटचे, म्हणजे जळणाच्या मातीचे, काळे चर आणि त्यांत साठलेलं आभाळ. जमीन मऊ असल्यामुळे रस्ता खचून लाटांसारखा झाला आहे. बस वरखाली होत होती. मी ड्रायव्हरला गावाचं नाव सांगितलं होतं, बाकी काही नाही. गावाच्या अलीकडेच त्याने बस थांबवली.

"तू इथे उतर," तो म्हणाला. "नोरीनचं घर त्या वाटेने. चावी पीटच्या बादलीत आहे."

नोरीन म्हणजे अभयची घरमालकीण, सत्तरीची बाई. तिची मुलगी स्लायगोच्या हॉस्पिटलात बाळंत झाली होती, म्हणून ती तिकडे गेली होती आणि शनिवारी येणार होती. चावी बादलीत आहे हे तिने मला फोनवर सांगितलं होतं. या माणसाला कसं माहीत, हे विचारायच्या आत बस निघून गेली.

चावी बादलीतच होती. अभयच्या खोलीत पांघरूण नीट अंथरलेलं होतं. मी त्या खोलीत झोपलो नाही, स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपलो.

दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या गाडीवरची ताडपत्री काढली. तीन महिने उभी असलेली गाडी, बॅटरी उतरलेली असणार म्हणून मी डब्लिनहून जोडणीच्या वायरी आणल्या होत्या. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काच स्वच्छ होती. टाकी भरलेली होती. आणि सीट पार पुढे ओढलेली होती. अभय माझ्याएवढाच, सहा फूट. त्या सीटवर त्याचे गुडघे स्टिअरिंगमध्ये अडकले असते. मी सीट मागे सरकवली.

गावातल्या दुकानापर्यंत जायचं होतं. रस्ता सरळ, दुरून येणारी गाडी खूप आधीपासून दिसत राहते. पहिली गाडी जवळ आली आणि चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरून तर्जनी उचलली. हात नाही, फक्त बोट. मग एक दुधाचा टँकर आला, त्यानेही उचललं. मग एक बाई. सगळ्यांची नजर आधी गाडीवर, मग बोट. माझ्या चेहऱ्यापर्यंत ती नजर पोचत नव्हती असं मला वाटलं. ऊन समोरून येत होतं आणि डोक्यावर मी अभयची लोकरीची टोपी घातली होती, वाऱ्याला दुसरा उपाय नव्हता. आम्हा दोघांची दाढीही सारखीच.

मला उलगडा झाला तो असा: हे लोक मला अभय समजताहेत.

मी बोट उचललं नाही. परत येताना मात्र उचललं. न उचलणं उद्धट वाटलं.

बुधवारी धुकं होतं. इथलं धुकं वरून उतरत नाही, जमिनीतून वर येतं. पवनचक्क्या घरापासून लांब नाहीत, पण एकही दिसत नव्हती. फक्त पाती फिरल्याचा आवाज, कोणीतरी संथपणे धाप टाकावी तसा. मी अभयच्या कंपनीच्या साइट ऑफिसात त्याचे बूट आणि हेल्मेट आणायला निघालो होतो. दिवे लावून अगदी हळू. समोरून ट्रॅक्टर आला आणि माझ्याशेजारी थांबला. वर एक म्हातारा बसलेला, कान झाकणारी टोपी, नाकातून पाणी गळत होतं. त्याने गाडीकडे पाहिलं. मग खाली वाकून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"आज रविवार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"रविवार नाही आज," तो पुन्हा म्हणाला, काहीसा रागाने, आणि ट्रॅक्टर धुक्यात गेला.

साइट ऑफिस कुलूपबंद होतं. मी माघारी फिरलो, घरी येऊन दाराला आतून कडी लावली. भरदुपारी. हे लिहितानाही हसू येत नाही.

गुरुवारी गारांची भिंत माळरानावरून चालत येताना पाहिली. भिंत हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. तिच्या अलीकडे ऊन होतं, मेंढ्या चरत होत्या, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं चमकत होती. पलीकडे काही नव्हतं. ती पोचायच्या आत मी दुकानात शिरलो. काउंटरवरच्या बाईने काही न विचारता अंड्याचं सँडविच आणि चहा समोर ठेवला.

"हॅम नाही घातलेलं," ती म्हणाली. "ती कशी चालतेय?"

"कोण?"

"गाडी."

"ग्रँड," मी म्हणालो. इथे या शब्दावर कुठलंही बोलणं संपवता येतं.

मला सांगायचं होतं की मी अभय नाही, अभय नोव्हेंबरातच गेला. वाक्य तोंडात तयार होतं. छपरावर गारा वाजत होत्या आणि ती बाई माझ्याकडे बघत थांबली होती, जणू मी काही बोलेन याची वाट बघत. मी सहा युरो दिले आणि बाहेर आलो.

गाडीत बसल्यावर आईचा प्रश्न आठवला आणि त्याचं उत्तर मला मिळालं आहे असं वाटलं. माणूस तीन महिने नाहीसा झाला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांना एक गाडी माहीत होती, एक टोपी आणि एक सँडविच. बस. हे मी तिला कसं सांगणार होतो? आणि न सांगायचं तर तिने आधीच बजावलं होतं.

शुक्रवारी आभाळ एवढं निळं होतं की उत्तर किनाऱ्यावर डाउनपॅट्रिक हेडपर्यंत गेलो. कडा बघण्यासारखा आहे, पण वारा असेल तर टोकाला जाऊ नका, कुंपण सगळीकडे नाही. तिकडे गाडीला कोणी ओळखत नव्हतं. मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

शनिवारी ओला बर्फ पडत असताना नोरीन आली. एवढीशी बाई, माझ्या खांद्याच्याही खाली. तिने माझे दोन्ही हात धरले, नातवाचे फोटो दाखवले, मग पीट पेटवून मला गरम सूप वाढलं. मी गाडीचं काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी ती कोट घालून गोठ्यात गेली आणि माझ्या आधी ड्रायव्हरच्या सीटवर चढली.

"कोणी हलवली ही?" ती करवादली आणि सीट पार पुढे ओढली. "बस तिकडे. प्रार्थनेला उशीर होतोय."

मी शेजारी बसलो. ती नाक काचेला लावून चालवत होती. समोरून गाडी आली, बोट वर झालं. नोरीननेही बोट उचललं. दुसरी गाडी, तिसरी. माझ्या तोंडून शेवटी शब्द बाहेर पडले.

"नोरीन, यांना माहीत नाही का अभय गेला ते?"

तिने गाडी रस्त्यातच थांबवली.

"माहीत नाही? तू मला फोन केलास त्याच दिवशी चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. स्थानिक रेडिओवर निधनवार्ता वाचतात, तिथे मी त्याचं नाव दिलं. त्या पोरीला नीट म्हणता येईना, मी तीनदा म्हणून घेतलं तिच्याकडून. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. तो तुमच्या धर्माचा, पण फादर म्हणाले, देव काय पासपोर्ट बघतो?"

"मग मला कोणीच काही का बोललं नाही?"

"दुकान सोडलं तर तू गाडीतून उतरलास कुठे? दु:खात असलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं असतं. ब्रीजने तुला सँडविच दिलं ना? ती आणखी काय करणार, मिठी मारणार?"

"आणि ही गाडी?"

"पहिल्यांदा काढली ती बॅटरी उतरू नये म्हणून," नोरीन म्हणाली. "त्या रविवारी धुकं होतं. टॉमी ट्रॅक्टर घेऊन येत होता, त्याने ही गाडी पाहिली आणि बोट उचलायच्या ऐवजी सरळ चरात गेला. मी दिसतच नाही ना स्टिअरिंगच्या वर! रिकामी गाडी येताना दिसली त्याला." ती हसली, मग तिने डोळे पुसले. "पुढच्या रविवारी तो आपल्या फाटकाशी उभा होता. टोपी काढून. मग बाकीचेही आपापल्या फाटकाशी यायला लागले. आता रविवारी गाडी काढली नाही तर मला विचारतात."

"विम्याचं काय?" मी विचारलं. 

"चर्चपर्यंत जायला कसला विमा? पोलीससुद्धा बोट उचलतो."

बाहेर बर्फ वितळून चर वाहत होते आणि त्यांवर ऊन होतं. चर्चच्या आवारात मी गाडीतून उतरलो. मग ते एकेक आले. हातात हात घ्यायचे आणि सगळे एकच वाक्य म्हणायचे, तुझ्यावर आलेल्या दु:खाचं वाईट वाटतं. न थांबता पुढे जायचे, मागच्याला जागा करून द्यायला. टॉमी शेवटी आला.

"बुधवारी घाबरवलंस मला," तो म्हणाला. "काचेतून बघतो तर तोच बसलेला. माझं वय काय, तुम्हा लोकांना काही विचार?"

"मीपण घाबरलो होतो."

"तुझा भाऊ आमच्या परगण्याचा संघ हरला की आमच्यापेक्षा जास्त शिव्या द्यायचा. तुमच्या भाषेत. मला चार येतात." त्याने एक म्हणून दाखवली. अगदी सांगलीचा उच्चार. फादर जवळच उभे होते, त्यांनी मान डोलावली.

सोमवारी मी बसने निघालो. गाडी नोरीनच्या नावावर करायचे कागद आणि तिच्या नावाचा विमा, एवढं केलं. डब्लिनमध्ये गाडीला गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं, त्याला नकार कळवला, तो चिडला. सामानात अभयचे कपडे आणि प्रेशर कुकर. टोपी टॉमीने मागून घेतली.

एरिसला जावं का? जा. पावसाचे कपडे घ्या, पेट्रोल बॅलिनालाच भरून घ्या आणि कोणी बोट उचललं तर तुम्हीही उचला.

घरी पोचून आईला फोन लावला. जे झालं तेच सांगितलं, काही रचलं नाही.  शिवी सांगितली तेव्हा ती "मेल्याने तीच शिकवली का!" एवढं म्हणाली. मग तिने विचारलं:

"ती बाई पुढेही काढणार आहे का गाडी?"

"हो. दर रविवारी."

"किती वाजता?"

मी हिशेब केला. प्रार्थना सुटल्यावर ते परत निघतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. मार्चअखेर इथली घड्याळं पुढे जातील, मग साडेचार. दोन्ही वेळा सांगितल्या. तिने त्या माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतल्या.